एलडीएल ‘खवट’ होतं म्हणजे नेमकं काय? पांढऱ्या पेशी त्यात कशा अडकतात?

जाईजुई | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मागच्या महिन्यात बाबांना (वय ६१, सांगलीला असतात) हार्ट अटॅक आला. वेळेत नेलं, दोन स्टेंट टाकले. आता घरी आहेत आणि चिडचिड करण्याइतके बरे आहेत.

माझा गोंधळ वेगळाच आहे. बाबांचं एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) होतं १०४. लॅबच्या छापील तक्त्यात ते काही धोक्याच्या रकान्यात बसत नाही. मग ब्लॉकेज आलं कुठून? डिस्चार्जच्या गडबडीत डॉक्टर एवढंच म्हणाले, "रक्तातलं कोलेस्टेरॉल हा कच्चा माल. ते धमनीच्या भिंतीत शिरून ऑक्सिडाइज होतं, पांढऱ्या पेशी ते खात सुटतात आणि तिथेच मरतात." तेव्हापासून हे वाक्य डोक्यात घोळतंय. आपल्याच संरक्षणाच्या पेशी, आणि त्याच खाऊन मरतात?

दुसरं म्हणजे आतेभावाने लगोलग अँटिऑक्सिडंट कॅप्सूलचा डबा आणून दिला. व्हिटॅमिन ई वगैरे. महिन्याला अडीच हजार. त्याचं म्हणणं, "ऑक्सिडेशन हाच रोग ना? मग हे त्याचं औषध." आईला पटलंय. मला एक तर विरोध करायला मुद्दा द्या, नाहीतर मलाही पटवा.

बंड्या_बारामतीकर | रात्री १०:३१

काकांना लवकर बरं वाटो. आतेभावाच्या हाताखाली अजून किती आतेभाऊ जोडलेत ते आधी विचारा. बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत.

घाणेकाका | रात्री ११:०५

जाणकार नाही, पण ३१ वर्षं लातूरकडे तेलाच्या लॅबमध्ये काढली. हृदयाचं मला कळत नाही, ऑक्सिडेशनचं कळतं.

खवट हा शब्द तुम्ही धाग्याच्या नावात वापरलात तो अगदी चपखल आहे. जुनं खोबरं, दिवाळीच्या चकल्यांच्या डब्याचा तळ, विसरलेली कारळाची चटणी, सगळ्यांचा तो ओळखीचा वास म्हणजे तेलाचं ऑक्सिडेशन. तेलाच्या रेणूत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध बसलेल्या कार्बनचा हायड्रोजन फार सैल. तो निघाला की तिथे ऑक्सिजन चिकटतो आणि पेरॉक्साइड बनतं. पण या व्यवहारात शेजारच्या रेणूचा हायड्रोजन ओढला जातो, मग तो शेजारी त्याच वाटेने जातो. साखळीच ती.

सुरुवातीला बराच वेळ काही घडत नाही. तेलातलं नैसर्गिक व्हिटॅमिन ई स्वतः खर्ची पडून साखळी तोडत असतं. ते संपलं की पेरॉक्साइड झपाझप चढतं. आणि नवशिक्यांना हमखास फसवणारी गंमत अशी की अगदीच सडलेल्या तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू पुन्हा कमी येते, कारण तोवर पेरॉक्साइड तुटून त्यांची अल्डिहाइडं झालेली असतात. वास येतो तो त्यांचाच.

एलडीएलचा कण म्हणजे प्रथिनात गुंडाळलेला तेलाचा बारीक थेंब असं वाचलंय. तसं असेल तर तो खवट होण्यात नवल नाही. पुढचं कोणीतरी सांगा.

पेट्रीडिश | रविवार, पहाटे ४:२०

घाणेकाका, शंभर टक्के. एलडीएलचा कण साधारण २० ते २५ नॅनोमीटरचा असतो आणि प्रत्येक कणात व्हिटॅमिन ईचे सरासरी सहा-सातच रेणू. प्रयोगशाळेत त्यात तांबं घातलं की तुम्ही सांगितलंत तेच होतं. आधी शांतता, ई संपेपर्यंत. मग एकदम भडका.

(मी प्रतिकारशक्तीच्या पेशींवर काम करतो, हृदयरोगाचा डॉक्टर नाही. सध्या नेदरलँड्सला आहे, पण वेळेचा दोष त्याला देत नाही, झोपच येत नाहीये.)

पहिली गोष्ट, हा खवटपणा रक्तात फारसा होत नाही. रक्तात क जीवनसत्त्व, युरिक ॲसिड असे राखणदार भरपूर असतात. घोटाळा होतो धमनीच्या अस्तराखाली. एलडीएलचे कण सतत आत-बाहेर करत असतात. त्यातले काही आतल्या प्रोटिओग्लायकन नावाच्या चिकट धाग्यांना अडकतात. फांद्या फुटतात तिथे, वळणावर, जिथे रक्ताचा प्रवाह भोवऱ्यासारखा होतो तिथे जास्त. अडकलेला कण राखणदारांपासून तुटतो आणि आसपासच्या पेशींची एन्झाइमं त्याला हळूहळू खवट करतात.

आता इतिहास, कारण तो गुप्तहेरकथेसारखा आहे. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गला निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातलं. सशांच्या धमन्यांत थर जमले आणि त्या थरांत चरबीच्या थेंबांनी फुगलेल्या पेशी दिसल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसासारख्या दिसतात, म्हणून फोम सेल. आपण फेसाळ पेशी म्हणू.

पुढे १९७०च्या दशकात डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी एलडीएल पेशीत घेणारा दरवाजा, म्हणजे रिसेप्टर, शोधला. १९८५ चं नोबेल त्याच कामाचं. पण त्यातूनच एक कोडं उभं राहिलं. ज्यांच्यात हा दरवाजा जन्मतःच नसतो त्या मुलांमध्येही फेसाळ पेशी खच्चून भरलेल्या असतात! दरवाजाच नाही तर माल आत गेला कसा? उलट बाजूने, ताजं एलडीएल भक्षक पेशींना (मॅक्रोफेज, पांढऱ्या पेशींचीच एक जात; फुगल्या की याच फेसाळ होतात) प्रयोगशाळेच्या बशीत कितीही घाला, त्या फुगतच नाहीत.

१९७९ मध्ये त्यांनाच दिसलं की रासायनिक बदल केलेलं एलडीएल दिलं की भक्षक पेशी ते अधाशासारखं गिळतात. म्हणजे दुसरा दरवाजा आहे. फक्त तो बदल प्रयोगशाळेतला होता, शरीरात तसं काही सापडत नव्हतं. १९८१ मध्ये सॅन दिएगोजवळच्या ला होयाला डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटाने एलडीएल धमनीच्या अस्तराच्या पेशींसोबत ठेवलं, आणि ते भक्षक पेशींना आपोआप ‘रुचकर’ झालं. अस्तराच्या पेशी त्याला काय करत होत्या? १९८४ मध्ये उत्तर मिळालं, ऑक्सिडेशन. व्हिटॅमिन ई घातलं की बदल थांबायचा. त्या कामात भारतीय वंशाचे संपत पार्थसारथी होते.

आतेभावाच्या डब्याचा उगम इथे आहे. तर्क तेव्हा सगळ्या जगाला पटला होता. त्याचं पुढे काय झालं ते झोप झाल्यावर.

अवनी_के | सकाळी ९:१८

वाचनखूण साठवली! एक शंका. जेवण झाल्यावर आपण ताट बाजूला सारतो. या पेशीला ‘पुरे’ कळत नाही का?

पेट्रीडिश | दुपारी १:४०

अवनी, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

नेहमीचा एलडीएलचा दरवाजा शहाणा आहे. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की पेशी ते दरवाजे बनवणंच कमी करते. दुसरे दरवाजे, म्हणजे स्कॅव्हेंजर रिसेप्टर (त्यातला एक एसआर-ए, दुसरा सीडी ३६), यांना ती कडी नाही. उलट खवट एलडीएल आत गेलं की सीडी ३६ आणखी वाढतो. खाल्ल्याने भूक वाढते.

असा खुळा दरवाजा निसर्गाने ठेवलाच कशाला? कारण तो एलडीएलसाठी नव्हताच. मरणाऱ्या पेशी आणि जंतू उचलण्यासाठी होता. ऑक्सिडाइज झालेल्या फॉस्फोलिपिडवर फॉस्फोकोलीनचा जो तुकडा उघडा पडतो, तोच मरणाऱ्या पेशीवर असतो आणि न्यूमोनियाच्या न्यूमोकॉकस जंतूच्या भिंतीवरही. भक्षक पेशीच्या नजरेला तिघंही सारखेच, ‘कचरा, उचला’. २००३ मध्ये संशोधकांनी उंदरांना न्यूमोकॉकसची लस टोचली तेव्हा त्यांच्यात खवट एलडीएलला चिकटणाऱ्या अँटिबॉडी वाढल्या आणि धमन्यांतला थरही कमी बनला. (उंदरांत! कोणी हृदयासाठी म्हणून लस शोधत फिरू नका.)

तर तिची चूक खाण्यात नाही, पचवण्यात आहे. जंतू असता तर तिने त्याचे तुकडे करून विषय संपवला असता. कोलेस्टेरॉलचं चार कड्यांचं कडबोळं माणसाची कुठलीच पेशी जाळून संपवू शकत नाही. ते फक्त बाहेर काढून एचडीएलच्या (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणतात ते कण) हवाली करता येतं, तिथून यकृत, पित्त, आणि मग शौचावाटे. आवक जावकीपेक्षा जास्त झाली की पेशी फुगते आणि जड होऊन तिथेच अडकते. शेवटी मरते. एरवी मेलेली पेशी शेजारची भक्षक पेशी उचलते, पण इथे शेजारीणही तितकीच तुडुंब. मग मेलेल्या पेशींचा गाळ साचतो. थराचा तो मऊ गाभा.

आणि मरण्याआधी त्या गप्प बसत नाहीत. आत कोलेस्टेरॉलचे सुईसारखे स्फटिक तयार होतात, पेशीच्या पोटातल्या पिशव्या फोडतात आणि एनएलआरपी-३ नावाची धोक्याची घंटा वाजते (हे २०१० मध्ये दाखवलं गेलं). तिच्यातून आयएल-१ बीटा हे सूज वाढवणारं द्रव्य सुटतं आणि आणखी पांढऱ्या पेशी बोलावल्या जातात. त्यांची एन्झाइमं गाभ्यावरचं कोलॅजनचं झाकण कुरतडतात. झाकण फाटलं की रक्ताची गाठ, आणि गाठ म्हणजे अटॅक. म्हणून ज्या थराने नळी जेमतेम अर्धी अडवली होती तोही एखाद्या दिवशी घात करू शकतो.

एक भर, माझ्या आवडीची. २०१४ मध्ये इथल्याच नाइमेखनच्या गटाने निरोगी माणसांच्या रक्तातल्या मोनोसाइट पेशींना (याच पुढे भक्षक पेशी होतात) फक्त २४ तास खवट एलडीएल दाखवलं, मग धुऊन टाकलं. काही दिवसांनी त्यांना वेगळ्याच कशाने डिवचलं तर त्या नेहमीपेक्षा जास्त भडकल्या. त्यांच्या डीएनएच्या गुंडाळीवर खुणा राहिल्या होत्या. ज्यांना आपण आठवण नसलेल्या पेशी समजत होतो, त्या डूख धरतात.

नानबा | दुपारी ३:०२

एवढं लिहिण्यापेक्षा एका ओळीत सांगतो. कोलेस्टेरॉल हा बागुलबुवा आहे. आजोबा रोज वाटीभर तूप खाऊन ९२ वर्षं जगले. आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे दोष ऑक्सिडेशनचा, एलडीएल बिचारं निष्पाप. मग स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळ्या, कशाला? जाईजुईताईंच्या बाबांचं तर नॉर्मलच होतं!

सोलापुरी_डॉक्टर | दुपारी ४:४५

नानबा, आजोबांना नमस्कार. पण जे पन्नाशीत गेले त्यांचे नातू असा प्रतिसाद लिहीत नाहीत.

‘नॉर्मल’चं बघू. लॅबचा तक्ता सगळ्यांसाठी एकच छापलेला असतो. ज्याला एकदा अटॅक आलाय त्याच्यासाठी भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये लक्ष्य ठेवलंय ५५ च्या खाली. नवजात बाळाचं एलडीएल ५० च्याही खाली असतं आणि ते मजेत वाढतं. तेव्हा १०४ हे आपल्याकडे ‘सर्रास आढळणारं’ आहे, निर्धोक नव्हे. त्यात साठ वर्षांचा हिशोब धरा. भिंतीत किती कण शिरले ते आजच्या आकड्यावर नाही, आकडा गुणिले वर्षं यावर ठरतं. तंबाखू, मधुमेह, बीपी असेल तर अस्तर आणखी गळकं. २००४ च्या इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात पहिल्या अटॅकचं वय दक्षिण आशियात साधारण ५३ निघालं, बाकी जगात ५९ च्या घरात.

"एलडीएल निष्पाप" याबद्दल, गोदामात धान्यच कमी भरलं तर सडेल किती? स्टॅटिन तेच करतं, आवक कमी. सडणं थांबवायचा प्रयत्नही करून झालाय, पेट्रीडिश सांगतीलच.

जाईजुई, बाबांची लायपोप्रोटीन-ए तपासणी झाली आहे का? एलपी लिटल ए म्हणतात. आयुष्यात एकदा करायची. हा एलडीएलचाच शेपटीवाला भाऊ, आणि खवट फॉस्फोलिपिडं पाठीवर वाहून नेण्यात पटाईत. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये हा दिसत नाही. वारशाने येतो, पथ्याने हलत नाही.

जाईजुई | संध्याकाळी ६:३०

नाही झालेली. उद्याच विचारते. बाबा तंबाखू खायचे, ‘सोडली’ असं आईला सांगून. :(

पेट्रीडिश | रात्री ८:१५

तर व्हिटॅमिन ई. बशीत जमलं, सशांत एका अँटिऑक्सिडंट औषधाने जमलं, मग माणसांत मोठ्या चाचण्या झाल्या. २००० सालच्या होप चाचणीत साडेनऊ हजारांवर लोकांना रोज ४०० युनिट ई किंवा नुसती बिनऔषधी गोळी, साडेचार वर्षं. अटॅक आणि मृत्यूंत फरक नाही. २००२ मध्ये ब्रिटनमधली हार्ट प्रोटेक्शन स्टडी, २०,५३६ लोक, ई, सी आणि बीटा कॅरोटीन एकत्र. फरक नाही. त्याआधी १९९४ मध्ये फिनलंडच्या धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग उलट जास्त झाला. आणि होपमधल्या लोकांचा पुढे आणखी मागोवा घेतला तेव्हा ई घेणाऱ्या गटात हार्ट फेल्युअर जास्त दिसलं.

का फसलं यावर अजून वाद आहेत. मला पटणारी कारणं अशी. भिंतीत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम ब्लीचिंग पावडरच्या जातीचं रसायन बनवतं, त्यापुढे ई दुबळं. शिवाय जवळ क जीवनसत्त्व नसेल तर ई स्वतःच अर्धवट जळून साखळी पुढे नेऊ शकतं. आणि माणसं चाचणीत आली तोवर थर २०-३० वर्षं जुने झालेले होते. काही जण तर म्हणतात की ऑक्सिडेशन हा अनेक वाटांपैकी एक. कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे झाले तरी भक्षक पेशी ते गिळतेच. मीही हल्ली त्या बाजूला झुकलोय. कण आत अडकणं हे मूळ, खवट होणं त्यानंतरचं.

घाणेकाका | रात्री ९:००

म्हणजे चकल्या खवट झाल्यावर डब्यात व्हिटॅमिन ई टाकण्यासारखं. आमच्या लॅबला हे माहीत होतं! ते ताज्या तेलात घालायचं असतं.

अवांतर : १९८७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या तुपावर निबंध आला होता. तुपातल्या स्टेरॉलपैकी (कोलेस्टेरॉल याच जातीचं) साधारण १२ टक्के ऑक्सिडाइज झालेलं सापडलं, ताज्या लोण्यात नाही. परदेशातल्या भारतीयांच्या हृदयरोगाचं हे कारण असावं असा अंदाज त्यात होता. तेव्हा लॅबमध्ये आमची भांडणं झालेली. अंदाज तो अंदाजच राहिला. पण लोणी कढवताना तपकिरी होईस्तोवर जाळू नये हे आमच्या आईला लॅन्सेटशिवाय माहीत होतं.

अवनी_के | रात्री ९:२६

मग करडईचं तेल? त्यात तर दुहेरी बंधच जास्त. आमच्याकडे नगरला सासूबाईंचा त्यावर फार विश्वास. शेंगदाण्याचं बरं का?

पेट्रीडिश | रात्री १०:१०

प्रश्न भारी आहे. एक दुहेरी बंध असलेलं ओलिक ॲसिड ज्या एलडीएलमध्ये जास्त, ते बशीत उशिरा खवट होतं, हे पार्थसारथींनीच १९९० मध्ये दाखवलंय. शेंगदाण्यात ओलिक बरंच, नेहमीच्या करडईत दोन दुहेरी बंधांचं लिनोलिक तीन चतुर्थांशाच्या आसपास. पण माणसांत तूप-डालड्याच्या जागी असं तेल वापरलं की एलडीएलच खाली येतं, आणि हिशोबात तेच वजनदार ठरतं. सासूबाईंशी वाद घालू नका. तळणीचं तेल पुन्हापुन्हा वापरण्यावरून घाला.

घाणेकाका | रात्री १०:२२

+१. तळणीच्या तेलात पोलर घटक (तेल तापून बिघडलं की बनतात ते) २५ टक्क्यांवर गेले की ते टाकून द्यायचं, असा सरकारी नियम २०१८ पासून आहे. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याला विचारून बघा, काय उत्तर देतो ते.

बंड्या_बारामतीकर | रात्री १०:४०

वडापावला मध्ये आणायचं काम नव्हतं काका. असो. सूज हाच घोळ असेल तर सूज कमी करायचं औषध नाही का?

सोलापुरी_डॉक्टर | सोमवार, सकाळी ७:५०

आहे की. २०१७ च्या कॅन्टॉस चाचणीत दहा हजारांवर रुग्णांना आयएल-१ बीटा रोखणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. एलडीएल जागचं हललं नाही, तरी अटॅक वगैरे १५ टक्क्यांनी कमी. पेट्रीडिश म्हणतात ती घंटा माणसांतही खरी आहे याचा हा पुरावा. पण जंतुसंसर्गाने मृत्यू वाढले, एकूण मृत्यू तेवढेच, औषध भयंकर महाग. तिथेच थांबलं.

स्वस्त भाऊ म्हणजे कोल्चिसिन, गाउटची जुनी गोळी. आपल्याकडे पावसाळ्यात रानात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य. २०१९ आणि २०२० च्या दोन चाचण्यांत रोज अर्ध्या मिलिग्रॅमने चांगला फायदा दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. आणि २०२४ मध्ये सात हजार रुग्णांच्या चाचणीत फायदा शून्य! त्यामुळे मी निवडक रुग्णांनाच देतो, किडनी बघून. कळलावीचा कंद उगाळून घ्यायचा विचारसुद्धा नको, मी त्या विषबाधेतला मृत्यू पाहिलाय.

नानबा | सकाळी ११:३०

स्टॅटिनवर मी ठाम आहे. पण लिपिड प्रोफाइल करून घेतो, बायको मागे लागलीय. हे सगळं तिलाही वाचायला दिलं ही चूक झाली.

जाईजुई | तीन आठवड्यांनंतर, रात्री ९:५५

धागा वर काढतेय. बाबांचं एलडीएल ५८ वर आलंय, डॉक्टर आणखी एक गोळी जोडणार आहेत. लायपोप्रोटीन-ए ९२ मिलिग्रॅम निघालं, ५० च्या आत हवं होतं. माझं ७१. भाऊ तपासायला तयार नाही, म्हणतो "कळून करायचं काय?" कॅप्सूलचा डबा कपाटावर आहे, आतेभाऊ परत न्यायला तयार नाही.

बाबांचा पेट्रीडिश यांना एक प्रश्न : आत आधीच जो गाळ झालाय त्याचं काय? तो निघतो का?

पेट्रीडिश | रात्री ११:३०

थोडा. २००६ च्या एका अभ्यासात जोरदार स्टॅटिनने एलडीएल १३० वरून ६० च्या आसपास आणून दोन वर्षं तिथे ठेवलं, मग धमनीत सोनोग्राफीची तार घालून मोजलं. थर किंचित आकसला होता. आकारापेक्षा मोठा फरक जातीत पडतो. नवीन माल येणं थांबलं की भक्षक पेशी आतलं कोलेस्टेरॉल एचडीएलकडे देऊन हलक्या होतात, सूज ओसरते, झाकण जाड होतं. गाळ राहतो, पण पक्क्या झाकणाखाली.

भावाला सांगा, कळून करायचं ते हेच : तंबाखूपासून लांब राहायचं आणि एलडीएल लवकर खाली आणायचं.

जाईजुई | रात्री ११:४८

बाबांना वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं गोळी घ्यायची तर." जन्मभर घ्यायची आहे हे आईने परस्पर सांगून टाकलं. आता दोघं बोलत नाहीयेत.